जाळ्यासकट उडालेली पाखरं

1974 साली फिल्म्स डिव्हिजनची 'एक अनेक और एकता' ही सातेक मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म आली. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, चित्रं भीमसैन यांची, संगीत वसंत देसाईंचं. गाणारी मुलगी दाभोळच्या घाणेकरांची साधना. तीच पुढे साधना सरगम म्हणून नावारूपाला आली. दूरदर्शनने ही फिल्म इतक्यांदा दाखवली की घरातल्या थोरांनाही ती पाठ झाली. तिच्याकडे आपण राष्ट्रीय एकात्मतेचा धडा म्हणूनच पाहत आलो. पण भीमसैन यांनी तीन वर्षांनी काढलेला चित्रपट तिच्या शेजारी ठेवला, की ती प्रेमात पडलेल्या मोठ्या माणसांच्याही कामाची निघते.

गोष्ट जुनी आहे. पंचतंत्रात कबुतरांचा राजा चित्रग्रीव आपल्या थव्यासह जाळ्यात सापडतो. सगळे एकदम उडतात, जाळं उचलून नेतात आणि हिरण्यक उंदराच्या बिळाशी उतरतात. मित्र म्हणून हिरण्यक आधी राजाचेच पाश कुरतडायला घेतो. राजा त्याला थांबवतो. आधी माझ्या सोबत्यांचे तोड, म्हणतो. तुझे दात थकले किंवा पारधी येऊन पोचला, तर ते अडकलेलेच राहतील. फिल्ममध्ये राजा नाही. तिथे एका शहाण्या चिमणीला युक्ती सुचते. बाकीचं तेच: एकजुटीने उडणं आणि मग उंदरांनी येऊन जाळं कुरतडणं.

लहानपणी आपल्याला आठवतं ते उडणं. मोठेपणी लक्षात यावं ते हे, की उडाल्यावरही पाखरं जाळ्यातच असतात. एकजुटीने ती पारध्यापासून लांब जातात, एवढंच. सुटका दुसऱ्या कुणाच्या तरी दातांनी होते.

भीमसैन यांना 'घर सुटणं' पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. जन्म मुलतानचा, फाळणीनंतर कुटुंब लखनौला आलं. 1961 साली ते मुंबईत आले आणि फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात पार्श्वचित्रं रंगवू लागले. 1977 साली त्यांनी 'घरौंदा' काढला. कथा शंकर शेष यांची. सुदीप आणि छाया एकाच ऑफिसात नोकरीला. लग्न करायचं तर खोली हवी, म्हणून पै-पै साठवून बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट बुक करतात. अर्धवट इमारतीत हिंडत संसाराची स्वप्नं बघतात. हे त्यांचं उडणं. मग बिल्डर पैसे घेऊन पसार होतो.

यानंतर जे होतं ते चित्रग्रीवाच्या बरोबर उलट. ऑफिसचे मालक मोदी वयस्कर, विधुर आणि हृदयविकाराचे रुग्ण. ते छायाला मागणी घालतात. सुदीपच तिला सुचवतो, कर लग्न, फार दिवस काढणार नाहीत ते, मग सगळं आपलंच. आपला पाश तुटावा म्हणून तो तिला दुसऱ्या जाळ्यात पाठवतो. अमोल पालेकरांनी सुदीपला खलनायक होऊ दिलेलं नाही. थकलेला कारकून हिशेब कसा मांडू लागतो, ते दिसतं. छाया लग्न करते आणि सुदीपचा हिशेब चुकतो, कारण ती मोदींची खरोखर काळजी घेऊ लागते. डॉ. श्रीराम लागूंचे मोदी बरे होत जातात.

घर मिळालं असतं तर दोघं सुखात राहिली असती का? कदाचित. पण प्रेम गरिबीने मेलं, एवढं म्हणून भागत नाही. पैसे दोघांचे बुडाले होते. सुटकेची किंमत मात्र एकटीने मोजायची ठरली, तिथे नातं तुटलं.

कांजूरमार्गला राहणाऱ्याला ही गोष्ट जुनी वाटत नाही. स्टेशनच्या पश्चिमेला जुन्या कारखान्यांच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले. आता लग्न ठरतं आणि कर्जही दोघांच्या नावावर निघतं. पझेशन लांबलं की भाडं आणि हप्ता दोन्ही चालू राहतात. 'घरौंदा'च्या काळीही 1963चा मोफा कायदा होता. 2017पासून महारेरा आहे. कायदा हा एक उंदीर, पण सगळे पाश त्याच्या दातांना लागत नाहीत. हप्त्यासाठी नकोशी नोकरी कोण धरून ठेवणार, मूल झाल्यावर कोण सोडणार, कुणाच्या आईवडिलांना जागा होणार, याला कलम नाही. इथे बहीण, जुना मित्र, शेजारच्या काकू असे उंदीर लागतात. ते जोडायचे तर 'आम्ही दोघं पुरेसे आहोत' हा हट्ट थोडा सोडावा लागतो.

आणि उंदीर आल्यावर चित्रग्रीवासारखं म्हणता यायला हवं, आधी तिचा पाश तोड. सुदीपला ते एकदाही म्हणता आलं नाही.