टाकळखेऱ्याचा ओळंबा

ओळंबा कधी खोटे बोलत नाही, असे आपला गवंडी म्हणतो. या विश्वासाची एकदा आपल्या वऱ्हाडातच कसोटी लागली.

पृथ्वीचा आकार ठरविण्यासाठी दक्षिणेतून याम्योत्तर रेषा मोजीत निघालेला लॅम्बटन 1823 साली हिंगणघाटास वारला. ते काम एव्हरेस्टने पुढे चालविले. अचलपूरच्या मुलखातील, मोजणीच्या कागदांत 'टाकळखेरा' म्हणून नोंदलेले गाव हे त्यातले एक मुख्य ठाणे. ताऱ्यांवरून अक्षांश काढावयाचा, तर आधार ओळंब्याचा. पण उत्तरेस डोंगरपठार. ते ओळंब्याला किंचित आपल्याकडे ओढते. अक्षांशात एका विकलेची चूक म्हणजे जमिनीवर सुमारे 31 मीटर!

हात हलल्याने होणारी चूक कधी अधिक, कधी उणी. सरासरीत ती बरीचशी विरते. डोंगराची चूक नेहमी एकाच दिशेची. शंभर वाचने घेतली तरी ती राहतेच. तिचे कारणच शोधावे लागते. एव्हरेस्टने 1830 च्या आपल्या ग्रंथात या आकर्षणाचा हिशेब मांडला.

अमरावती-अकोल्याच्या प्रयोगशाळांत व्हर्नियरची शून्य त्रुटी आधी पाहावयाची, ती याचसाठी. उत्तरापुढे 'अधिक-उणे' लिहिणे यात आम्हांस कमीपणा दिसत नाही. आपले ज्ञान कोठवर पोचले, त्याची ती प्रामाणिक शीव आहे.