खुब्याच्या हाडाचे भाकीत : औंध ते माहीम

१/७
औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे थोर प्रचारक. नित्य व्यायामाने शरीर दीर्घकाळ कार्यक्षम राहते, ही त्यांची धारणा. प्रत्येक नमस्कारात खुबा खोलवर दुमडतो. मात्र त्या खुब्यातील हाडाचा रक्तपुरवठाच तुटला तर? तिथे व्यायाम हतबल ठरतो.

२/७
मांडीच्या हाडाच्या गोलाकार शीर्षाला मोजक्या, बारीक वाहिन्यांतून रक्त मिळते. अस्थिभंग, अतिमद्यपान, सिकल सेल किंवा स्टिरॉइडचे मोठे डोस यांमुळे हा पुरवठा खंडित झाला, की हाडाच्या पेशी मरतात. तरीही मृत हाड लगेच ढासळत नाही. ते कधी ढासळेल, हाच खरा प्रश्न.

३/७
१८९५ मध्ये क्ष-किरण सापडले. पण रोगाच्या आरंभी त्यांत काहीच दिसत नसे. १९३० साली शिकागोच्या डॅलस फेमिस्टर यांनी मृत हाडाची जागा नवे हाड कसे घेते, याचा अभ्यास मांडला. ही दुरुस्ती चालू असतानाच हाड दुबळे होते आणि भाराखाली दबते.

४/७
पुढे फ्रान्समधील तुलूझ येथे आर्ले आणि फिका यांनी रोगाच्या पायऱ्या ठरवल्या. रुग्ण कोणत्या पायरीवर आहे हे कळू लागले; पुढची पायरी केव्हा येईल, हे मात्र नाही.

५/७
१९७४ मध्ये केरबूल यांनी क्ष-किरण चित्रांवर मृत भागाचा कोन मोजला. समोरून आणि बाजूने घेतलेल्या कोनांची बेरीज २०० अंशांपलीकडे गेली, तर धोका मोठा; १६० च्या आत असेल, तर आशा अधिक. एमआरआय आल्यावर हेच मोजमाप हाड ढासळण्यापूर्वी शक्य झाले.

६/७
२०२१ मध्ये माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी कोविडनंतरचे तीन रुग्ण नोंदवले. तिघेही चाळिशीच्या आतले. पूर्वीच्या नोंदींत सुमारे २००० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोननंतर, सहा महिने ते वर्षभराने हा आजार दिसे. इथे सरासरी ७५८ मिलिग्रॅम पुरले आणि कोविडच्या निदानानंतर सरासरी ५८ दिवसांत लक्षणे उमटली. जुना अंदाज चुकला होता.

७/७
ज्या स्टिरॉइडने अनेकांचे प्राण वाचवले, त्याचीच ही किंमत. म्हणून अशा उपचारानंतर जांघेत दुखत राहिले, तर क्ष-किरण चित्र स्वच्छ आले तरी निश्चिंत होऊ नये. डॉक्टरांना एमआरआयविषयी विचारावे. औंधच्या राजांचा व्यायाम सर्वांसाठी एकच होता. खुब्याचे भाकीत मात्र प्रत्येकाचा मृत भाग मोजूनच करावे लागते.