काचेचा घाम

मीना म्हणजे धातूवर वितळवून बसवलेली काच. कारागीर काचेची पूड करतो, कोबाल्टने तिला निळी किंवा तांब्याने हिरवी करतो, सोन्याचांदीवर कोरलेल्या खाचांत भरतो आणि सुमारे ८०० अंशांच्या भट्टीत भाजतो. आमेरच्या राजा मानसिंगाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लाहोरहून असे कारागीर आणवले, असे जयपूरची परंपरा सांगते. तलवारीच्या मुठी, अत्तरदाण्या, हुक्के या रंगांनी नटले. पुढे राज्ये गेली आणि उरलेले वैभव संग्रहालयांच्या कपाटांत येऊन विसावले. नागपूरचा अजब बंगला १८६३ सालचा. मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२ साली लोकांस खुले झाले. कपाटाला कुलूप लागले की वस्तू वाचली, असे आपण समजतो. मिन्याच्या बाबतीत मात्र कुलपाला चोर अडतो, हवा अडत नाही.

काच लवकर वितळावी म्हणून तीत क्षार घालतात, ती टिकावी म्हणून चुना. क्षार अधिक आणि चुना कमी पडला, तर दमट हवा ते क्षार हळूहळू बाहेर ओढते. काचेला जणू घाम फुटतो. हवा कोरडी झाली की त्या घामाचा पांढरा थर बसतो, बारीक भेगा पडतात आणि एके दिवशी रंगाची खपली सुटते. फ्रान्समधील लिमोज येथील जुन्या मिन्यांत निळ्याजांभळ्या रंगांना हा रोग विशेष जडलेला आढळतो. मुंबईला समुद्राचा दमटपणा; आमच्या विदर्भात वैशाखाचे करपवणारे ऊन आणि पाठोपाठ आषाढाची ओल. त्यात लाकडी कपाटातून निघणारी आम्लयुक्त वाफ त्या क्षारांशी मिळते आणि काचेलगतच्या तांब्यावर हिरवा कळंक चढवते.

गेलेली काच परत येत नाही. पुन्हा भट्टीत घालावे, तर उरलेलाही रंग जाण्याचे भय. म्हणून जाणकार आजारी मिन्याभोवतीची आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास स्थिर राखतात आणि सुटू पाहणारी खपली कृत्रिम राळेने धरून ठेवतात. लखनौला १९७६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय प्रयोगशाळा संग्रहालयांतील माणसांना जतनाचे शास्त्र शिकवते.

दिवाळीआधी आमच्या रोहण्यात घरोघरी तांब्यापितळेची भांडी चिंचेने लखलखीत होतात. त्याच ढिगात आजीचा मीनाकामाचा करंडा असेल, तर तो आधी बाजूला काढावा. धातू उजळणारी आंबट चिंच काचेला खाते. मऊ, कोरड्या कुंचल्याने वरची धूळ झाडावी. पाणी लावू नये. पांढरा थर दिसला, तर तो खरवडण्याआधी जाणत्या माणसास दाखवावा. ती धूळ नसून काचेचा घाम असू शकतो.