देशी कुत्र्यांचा घरगुती आहार

घरच्यांसाठी शिजलेल्या अन्नातूनच पाळीव देशी कुत्र्याला वाटा घालण्याची पद्धत. महाराष्ट्राच्या देशावर या वाट्याचा मुख्य भाग भाकरीचा. धनगरांच्या मेंढरांमागे फिरणारी राखणीची कुत्री, शेतवस्तीवरची गावठी कुत्री आणि महाराष्ट्र-कर्नाटक पट्ट्यातले सडपातळ शिकारी कारवान (कर्नाटकात मुधोळ) यांना ज्वारी, बाजरी वा मक्याची भाकरी ताकात किंवा दुधात कुस्करून घालतात. कोकण-गोव्यात भाकरीऐवजी भात आणि मासळीचे उरलेसुरले.

धान्य कुत्र्याला पचते. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यांत त्या 4 ते 30 आढळल्या (‘नेचर’, 2013). तरीही ‘आमची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या भाकरीवर जगली’ हा दावा अर्धाच खरा. ती मोकळी हिंडत. उंदीर, घुशी, ससे, मेलेले जनावर, कच्ची हाडे यांतून प्रथिने आणि कॅल्शियम मिळे. जी पिल्ले तगली नाहीत, त्यांची गणती तर कोणीच ठेवली नाही. फ्लॅटमध्ये साखळीला बांधलेल्या कुत्र्याला नुसता वरणभात घातला, तर ही बाहेरची भर पडत नाही. बिनहाडाचे मांस वाढवूनही भागत नाही: त्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम अगदी थोडे, त्यामुळे वाढत्या पिल्लाची हाडे ठिसूळ होतात.

सर्वांत मोठी अडचण कांदा-लसणाची. त्यांतील गंधकयुक्त घटकांमुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि शिजवल्याने हा दोष जात नाही. कुत्रा खंडोबाचा सोबती, म्हणून चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य कुत्र्यांनाही घालतात. त्या भरितात पातीचा कांदा असतो, हे भाविकांनी ध्यानात घेतलेले बरे. द्राक्षे, बेदाणे व चॉकलेट वर्ज्य. शिजवलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे होऊन आतडे फाटू शकते. पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना दूध सोसत नाही, त्यांना ताक बरे.

घरचेच अन्न द्यायचे असल्यास कुत्र्याचा वाटा फोडणी आणि मीठ पडण्याआधी बाजूला काढावा, त्यात अंडे किंवा मांस मिसळावे आणि कॅल्शियमचे प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे.