गळाचे शिसे व त्याचा घरगुती साचा

गळाची दोरी दूर फेकता यावी आणि तळाला टेकावी म्हणून तिला बांधलेले वजन. बोलीत नुसते ‘शिसे’ म्हणतात. याच वजनाला माशाचा आकार देऊन त्यात गळ बसवला की ते आमिषाचेही काम करते. पाण्यातून ओढताना त्याची चकाकी पाहून मरळीसारखा शिकारी मासा झडप घालतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरा, मुळा, गोदावरी व भीमा या नद्या, भंडारदरा व मुळा ही धरणे आणि नेवासे-शेवगाव तालुक्यांत पसरलेला जायकवाडीचा फुगवटा एवढे मासेमारीचे पाणी आहे. तळ बहुतेक काळ्या पाषाणाचा, त्यामुळे शिसे कपारीत अडकते आणि तंगूस (गळाची दोरी) तुटून जाते. वजने वरचेवर हरवतात, म्हणून ती घरी ओतण्याकडे ओढा असतो.

शिसे 327.5° से. तापमानाला वितळते, तांब्याला 1,085° से. लागते. शिशाला भट्टी, भाता काही नको, चूल पुरते. घनता 11.34, त्यामुळे बोराएवढी गोळीही तळ धरते. दख्खनला या धातूची ओळख जुनी आहे. गोदावरीकाठच्या पैठणहून (प्रतिष्ठान) राज्य करणाऱ्या सातवाहनांची पुष्कळ नाणी शिशाची आहेत.

ओतकामाचा वारसा तर याच जिल्ह्यात आहे. श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या तीरावर दायमाबाद येथे 1974 मध्ये हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ अशी चार धातुशिल्पे मिळाली. ती भरीव असून चारींचे मिळून वजन 60 किलोंहून अधिक आहे. एकटा रथच सुमारे 45 सेंमी. लांब. मेणाची प्रतिकृती करायची, तीवर माती लिंपायची, तापवून मेण काढून टाकायचे आणि उरलेल्या पोकळीत धातू ओतायचा, या मेणसाच्याच्या पद्धतीने ती घडवली आहेत. त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत, ओतणाऱ्याच्या हातोटीबद्दल नाहीत.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या संस्कृत ग्रंथात ही पद्धत ‘मधूच्छिष्टविधान’ म्हणून सांगितली आहे. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे गळाने मासे धरण्यावरचे प्रकरणही आहे. साचा आणि गळ एकाच ग्रंथात यावेत, ही या नोंदीच्या दृष्टीने फार आनंदाची गोष्ट. मेणाच्या वजनावरून धातू किती घ्यायचा याचा हिशेब त्यात दिला आहे, आणि ती रीत आजही उपयोगी पडते. मेणबत्तीच्या मेणाच्या साधारण साडेबारा पट शिसे लागते. चाकूने कोरलेला मेणाचा मासा 4 ग्रॅम भरला, तर शिशाचा मासा 50 ग्रॅमचा होणार. हव्या त्या वजनाचे शिसे करायचे असेल तर आधी मेण तासून घ्यावे, साचा मागाहून.

मेणसाचा एकदाच कामी येतो. पुन्हा पुन्हा ओतायचे तर दोन पाळ्यांचा (अर्ध्या भागांचा) साचा हवा. जिल्ह्यातली काळी माती नुसती वापरली तर वाळताना भेगाळते. तिच्यात बारीक वाळू, राख आणि लीद किंवा भाताचे तूस मळावे लागते. सागाच्या दोन फळ्यांत कोरलेला साचा लवकर होतो, पण दर खेपेला आतून जळत जातो आणि नक्षी बोथट होते. हल्ली प्लास्टर ऑफ पॅरिस सर्वांत सोयीचे. एका पाळीत प्रतिकृती अर्धी रुतवायची, वर साबणाचा हात फिरवून दुसरी पाळी ओतायची. पाळ्या सुटल्यावर वरून नरसाळ्यासारखे ओतमुख आणि बाजूंना हवा निसटायला केसाएवढ्या खाचा कोरतात. तंगूस बांधण्याचे कडे तारेचे. ते ओतण्यापूर्वीच दोन पाळ्यांमध्ये धरलेले असते.

ओततानाचा मोठा धोका ओलीत आहे. जमलेल्या प्लास्टरच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग पाणीच असते. चार दिवसांच्या उन्हात वरची ओल जाते, हे बांधलेले पाणी जात नाही. त्यावर तापलेले शिसे पडले की पाण्याची क्षणात वाफ होते, ती मूळ आकारमानाच्या सोळाशे पटींहून अधिक जागा मागते आणि शिसे तोंडावर उडते. साचा मंद आचेवर कित्येक तास तापवल्याशिवाय त्यात शिसे ओतू नये. बटाट्यात किंवा ओल्या वाळूत ओतण्याची जी युक्ती सांगितली जाते, ती कोणीही करू नये.

प्रत्यक्ष ओतताना पाळ्यांना आतून दिव्याची काजळी धरतात, म्हणजे शिसे चिकटत नाही. कोरडी काडी बुडवून पाहावी. ती लगेच तपकिरी पडली की आच पुरेशी झाली. वरची करडी साय लोखंडी पळीने बाजूला सारली की खाली आरशासारखा रस दिसतो. तो एका धारेत, न थांबता ओतायचा. गोठताना शिसे आकसते, म्हणून ओतमुखही भरून ठेवावे लागते, नाहीतर माशाच्या पाठीला खळगा पडतो. पहिले दोन-तीन नग सुरकुतलेले निघतात. कोरडा केलेला साचा ओतताना पुरेसा गरम नसल्याची ती खूण. ते पुन्हा वितळवावेत.

पागाच्या (फेकजाळ्याच्या) कडेला लावायच्या वजनांसाठी मात्र ओतकामाची गरजच नाही. शिशाच्या पत्र्याची पट्टी कापून दोरीवर गुंडाळायची आणि हातोडीने चेपायची. साच्याची हौस नसेल त्याने हेच करावे.

शिसे विषारी आहे. रक्तातले त्याचे कोणतेही प्रमाण मुलांसाठी सुरक्षित मानले जात नाही. धुरापेक्षाही सायीची भुकटी घातक, कारण ती हाताला, कपड्यांना आणि अन्नाला लागते. हे काम अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, मुले जवळ नसताना करावे; कढई-पळी स्वयंपाकघरात परत जाता कामा नये. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढू नये. भंगारातला शिशाचा नळ किंवा चाकाला ठोकायची वजने पुरतात.

हरवलेले शिसे पाण्यातच राहते. पाणपक्षी खडे समजून ते गिळतात. राजहंस असे मरू लागल्यामुळे ब्रिटनमध्ये 1987 पासून 28.35 ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आली. जायकवाडीचा फुगवटा 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथे तरी भाजक्या मातीचे मणी किंवा लोखंडी नट वापरावेत. मातीचा मणी पाण्यात जवळजवळ निम्मे वजन गमावतो, शिसे अकरावा हिस्सा. फुगवट्याच्या संथ पाण्यात तेवढ्याने भागते; पावसाळ्यातल्या प्रवरेच्या धारेत मणी ठरत नाही, तिथे नट हवा.