दुसऱ्या वाचकाची गरज

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनक्सच्या कर्नलचे, म्हणजे संगणक-प्रणालीच्या गाभ्याचे, लेखन आरंभिले तेव्हा ते मुख्यत्वे सी भाषेत होते. तिचे यंत्रभाषेत रूपांतर करण्यासाठी त्यांनी जीसीसी हा कंपायलर वापरला. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ मध्ये खुला केला होता. पुढे दीर्घकाळ लिनक्सचा प्रमुख वाचक हा कंपायलरच राहिला. या एकनिष्ठेची किंमत कर्नलमधील असेंब्लीच्या तुकड्यांत दिसते.

प्रोसेसरकडे येणारे व्यत्यय क्षणभर रोखणे यांसारख्या कामांसाठी सी भाषेत शब्दच नाहीत. म्हणून मराठी निबंधात एखादा संस्कृत श्लोक अनुवादाविना ठेवावा, तशा असेंब्लीच्या आज्ञा मध्येच ठेवाव्या लागतात. कंपायलर त्यांचा अर्थ लावत नाही. कोणती मूल्ये आत द्यायची, उत्तर कोठे मिळेल आणि कोणती रजिस्टरे (प्रोसेसरमधील साठवणीचे कप्पे) बिघडतील, याची टीप प्रोग्रामरने जोडायची असते. कंपायलर तिच्यावर विसंबून पुढची मांडणी करतो. टीप सदोष असेल, तर आज चालणारा कर्नल उद्याच्या अधिक चतुर कंपायलरच्या हाती मोडतो.

तसेच झाले. लिनक्स २.० (१९९६) मधील काही टिपांत एकच रजिस्टर आत येणाऱ्या मूल्यासाठी नेमलेले होते आणि बिघडणाऱ्यांच्या यादीतही होते. जीसीसी २.७.२ हा विरोध मुकाट्याने चालवून घेई. १९९७ मध्ये निघालेल्या ईजीसीएस शाखेने आणि तिच्यातूनच आलेल्या जीसीसी २.९५ ने (१९९९) तो चालवून घेतला नाही. नियमाप्रमाणे दोष कर्नलचा होता. परंतु वर्षानुवर्षे चालत आलेली रूढी हाच नियम, असे वापरणाऱ्यास वाटू लागते. व्याकरण आणि रूढी यांच्यातील हा तंटा भाषेच्या अभ्यासकांना परका नाही. तोडगा मात्र व्यवहारी निघाला. लिनक्स २.२ साठी जुन्या २.७.२.३ चीच शिफारस राहिली आणि रेड हॅट ७.० (२०००) मध्ये नव्या कंपायलरच्या जोडीला केवळ कर्नलसाठी 'केजीसीसी' नावाने जुना कंपायलर देण्यात आला.

२००७ मध्ये क्लँग हा स्वतंत्र कंपायलर खुला झाला आणि दुसरा वाचक मिळण्याची शक्यता निर्माण झाली. मात्र जीसीसीने २०१० मध्ये आणलेली एक सोय त्याच्यापाशी नव्हती : असेंब्लीच्या तुकड्यातून थेट सी भाषेतील एखाद्या ठिकाणी उडी घेण्याची. लिनक्स ४.१७ ने (२०१८) इंटेल-पद्धतीच्या प्रोसेसरांसाठी हीच सोय अनिवार्य केली आणि क्लँग तेथे दाराबाहेर राहिला. सप्टेंबर २०१९ मध्ये एलएलव्हीएम ९ सोबत ती क्लँगमध्ये आली तेव्हा हे दार उघडले. पुढे तर क्रम उलटला. अशा उडीच्या तुकड्यातून मूल्य बाहेर आणण्याची सोय क्लँगने २०२० मध्ये दिली, जीसीसीने २०२१ मध्ये.

लिनक्सचा उगमपाठ पहिल्यापासून सर्वांना खुला होता. तरीही तो नीट वाचू शकणारा कंपायलर एकच असेल, तर त्या खुलेपणाला मर्यादा पडते. पहिल्या वाचकाच्या सवयींवर काय विसंबले होते आणि नियमाने काय ठरले होते, हे दुसरा वाचक आल्यावरच उघड झाले. सैल टिपा दुरुस्त कराव्या लागल्या त्या याच कारणाने. कर्नलला त्यातून मिळालेले स्वातंत्र्य कोणत्याही नव्या सोयीपेक्षा मोलाचे आहे.