रोलर कोण ओढणार?

येत्या रविवारी आमच्या गावच्या क्लबात टेनिसची स्पर्धा आहे. पेपरात बातमी यावी अशी ती नाही, टीव्हीवर दिसण्याचा तर प्रश्नच नाही. आठ जोड्या, मुरमाचं एक कोर्ट आणि अट एवढीच की जोडीतल्या दोघांच्या वयाची बेरीज १०० तरी भरली पाहिजे. माझे नेहमीचे जोडीदार निवृत्त बँक मॅनेजर आहेत. आमची बेरीज १२१ होते. दुखरे गुडघे धरले तर जास्तच. विजेत्यांना स्टीलचा जग आणि दोन पेले, उपविजेत्यांना नुसते पेले. तरीही गेला महिनाभर प्रत्येक जण दुसऱ्याला पत्ता न लागू देता पहाटे सरावाला येतो आणि कोर्टावर सगळेच एकमेकांना भेटतात.

ज्या खेळात शून्याला 'लव्ह' म्हणतात, तो खेळ कवीला आवडावा यात नवल नाही. हा शब्द कुठून आला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी म्हणतात, शून्य अंड्यासारखं दिसतं, म्हणून अंड्याला असलेल्या फ्रेंच शब्दाचा तो अपभ्रंश. कुणी म्हणतात, पैशासाठी नव्हे तर प्रेमाखातर खेळणं, त्यातून तो आला. मला दुसरं पटतं. कारण 'अमॅच्युअर' या शब्दाच्या मुळाशीही लॅटिनमधला 'प्रेम करणारा' हाच अर्थ आहे. आपण त्याला 'हौशी' म्हणतो. ही हौस मूळची अरबी 'हवस'. उर्दूत हवस म्हटलं की भुवया उंचावतात. मराठीत आल्यावर मात्र ती सज्जन झाली आणि लग्नकार्यात मिरवू लागली.

टेनिसचा पूर्वज फ्रान्समध्ये तळहातानं खेळत. त्याचं नावच 'तळहाताचा खेळ'. रॅकेट पुढे आली. राजेरजवाड्यांचा तो खेळ भिंतींच्या आत चालायचा. हिरवळीवर तो आला एकोणिसाव्या शतकात, कारण तोवर गवत कापायचं यंत्र निघालं होतं आणि गवतावरही उसळेल असा रबरी चेंडू तयार झाला होता. १८७४ साली मेजर वॉल्टर विंगफिल्ड यांनी इंग्लंडात या खेळाचं पेटंट घेतलं आणि जाळी, रॅकेटी, चेंडू पेटीत घालून विकायला काढले. त्यांचं कोर्ट मध्यभागी अरुंद, थेट डमरूसारखं होतं. खेळाला त्यांनी 'स्फेरिस्टिकी' असं ग्रीक नाव ठेवलं. अर्थात ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही.

आणि विम्बल्डन? १८७७ साली तिथल्या क्लबाचा, घोडं जुंपून ओढायचा रोलर नादुरुस्त झाला होता. दुरुस्तीला पैसे हवे होते, म्हणून स्पर्धा भरवायचं ठरलं, अशी हकिकत सांगतात. बावीस जणांनी नावं दिली. मध्येच ईटन आणि हॅरो या शाळांचा क्रिकेट सामना आला, तेव्हा स्पर्धेला चक्क सुट्टी दिली! मग पाऊस आला आणि अंतिम सामना पुढे ढकलावा लागला. एकेक शिलिंग मोजून सुमारे दोनशे माणसं तो पाहायला आली. जिंकले स्पेन्सर गोर. हा खेळ कंटाळवाणा आहे, असं त्यांचंच पुढे मत झालं. म्हणजे जगातली सर्वांत मानाची स्पर्धा सुरू झाली ती रोलरपायी, आणि तिचा पहिला विजेता खेळावर फारसा खूश नव्हता. आमच्या क्लबानं निराश व्हायचं कारण नाही.

आपल्याकडे साहेबांच्या जिमखान्यांतून हा खेळ आला आणि आपल्या लोकांनी तो लवकर आपलासा केला. १९२१ साली भारत पहिल्यांदा डेव्हिस कपमध्ये उतरला आणि पॅरिसला जाऊन फ्रान्सला हरवून आला. त्या संघात लाहोरचे बॅरिस्टर महंमद सलीम होते, आयसीएस अधिकारी सिडनी जेकब होते, मुंबईच्या फैजी घराण्यातले अतहर अली होते. पोट भरायला यांतला कुणी टेनिस खेळत नव्हता.

"कविराज, कवितेचा आणि टेनिसचा संबंध काय?" असं आमचे मॅनेजरसाहेब माझा चेंडू जाळीत गेला की हटकून विचारतात. मी त्यांना पंडिता क्षमा राव यांचं नाव सांगतो. तुकोबांच्या गाथेची सरकारी आवृत्ती ज्यांच्या देखरेखीखाली निघाली, त्या शंकर पांडुरंग पंडितांची ही कन्या. गांधीजींच्या सत्याग्रहावर त्यांनी संस्कृतात काव्य लिहिलं, आणि त्या टेनिसही उत्तम खेळत. त्यांची मुलगी लीला राव १९३४ साली विम्बल्डनच्या महिला एकेरीत सामना जिंकणारी पहिली भारतीय ठरली. मॅनेजरसाहेब ऐकून घेतात आणि म्हणतात, "त्यांचा चेंडू जाळीपलीकडे जात असणार."

पण या 'हौशी' शब्दाला एक काटा आहे. प्रेमाखातर खेळणं परवडायला घरात धान्य असावं लागतं. ज्यानं खेळाचा पैसा घेतला तो व्यावसायिक, आणि त्याला मोठ्या स्पर्धांत मज्जाव, असा नियम कित्येक वर्षं होता. रॉड लेव्हरनं १९६२ साली चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, मग तो व्यावसायिक झाला आणि १९६८पर्यंत त्याच स्पर्धांची दारं त्याला बंद राहिली. त्या वर्षी नियम बदलला. लेव्हर आला आणि विम्बल्डन जिंकून गेला.

हे मी सांगतो आहे, त्याला कारण आहे. माझे अब्बा याच क्लबात बावीस वर्षं मार्कर होते. पहाटे कोर्टावर पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याची फक्की टाकायची, संध्याकाळी चेंडू वेचायचे आणि चौथा गडी कमी पडला की रॅकेट हातात घ्यायची. त्यांचा बॅकहँड सगळ्यांत चांगला होता, असं जुनी मंडळी आजही सांगतात. वर्षातून एकदा स्पर्धा व्हायची. ड्रॉचा कागद नोटीस बोर्डावर अब्बाच डकवायचे. त्यावर त्यांचं नाव कधी आलं नाही. नियमाप्रमाणे ते व्यावसायिक होते. पगार महिन्याचा, तोही कधी वेळेवर मिळत नसे.

यंदा आजच्या मार्करनं नाव दिलं. वय ४८. जोडीदार ५२ वर्षांचा मिळाला तरी अट पुरी होते. समितीत कुणीतरी म्हणालं, "तो पगारी माणूस. स्पर्धा हौशींची आहे." मी सहसा बैठकीत बोलत नाही. त्या दिवशी बोललो. लेव्हरचं सांगितलं, १९६८चं सांगितलं. अब्बांचं मात्र घशापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. सांगायची गरजही नव्हती. समोर बसलेल्यांपैकी तिघांनी लहानपणी त्यांच्याच हातून रॅकेट धरायला शिकली होती. हात वर झाले. पाच विरुद्ध चार. मार्कर खेळणार. मॅनेजरसाहेब मोठ्या मनानं म्हणाले, "कविराज, तुम्ही त्याच्याबरोबर खेळा. मला निदान एक तरी सामना जिंकायचाय." आमची नवी बेरीज १०४.

बातमी द्यायला मी कोर्टावर गेलो. मार्कर फक्की टाकत होता. ऐकून त्यानं डबा खाली ठेवला, थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "खेळतो की. पण साहेब, त्या दिवशी पाणी कोण मारणार? रोलर कोण ओढणार?"

दीडशे वर्षं झाली, टेनिस अजून रोलरपाशीच अडलं आहे. मी म्हणालो, "मी ओढतो. आमच्या घरचंच काम आहे ते." तो हसला. लगेच दांडा धरून जोर लावून पाहिला. रोलर जागचा हलला नाही. मग मॅनेजरसाहेब आले, कुरकुरत त्यांनीही हात लावला आणि दोघांनी मिळून तो एका रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंत नेला. रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही दोघं तिथं असू. सामने सातला सुरू होतील. ड्रॉचा कागद मी आजच डकवून आलो आहे.